सासऱ्यांची कवळी

वर्षभरात सासऱ्यांना तिसऱ्यांदा न्यूमोनिया झाला आणि सासूबाईंनी तिसऱ्यांदा त्याचा आळ माझ्यावर घेतला. आमच्या सर्बियातल्या पिरोट गावात माणूस म्हातारपणाने मरत नाही, दोन उघड्या खिडक्यांतून आरपार जाणाऱ्या वाऱ्याने मरतो. ल्युबिसाव बाबा इस्पितळातून घरी आले, तसे स्तामेना आईंनी त्यांच्या पायांत राकियात, म्हणजे फळांच्या कडक दारूत, भिजवलेले मोजे चढवले आणि मला म्हणाल्या, "सूनबाई, मिरच्या भाजायच्या तर अंगणात भाज. धूर झाला म्हणून खिडकी उघडायची नाही."

तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी खिडकीकडे बघितलंही नाही. त्यांनी बाबांना तोंड उघडायला सांगितलं आणि मग मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"झोपेत थोडीथोडी लाळ सगळ्यांच्याच फुप्फुसात उतरते," त्या म्हणाल्या. "तुमच्या, माझ्यासुद्धा. आपलं शरीर ती निस्तरतं. यांना आता ते जमत नाही, आणि तोंडातली घाण लाळेबरोबर आत जाते. कवळी रात्री काढून, घासून ठेवायची. उशी उंच करायची. पुन्हा असं झालं तर वाचतील याची खात्री मी देणार नाही."

"पण ते कवळी काढतच नाहीत."

"का?"

काय सांगणार? बाबा एकेकाळचे गावातले देखणे न्हावी. कवळी करून आणली तीही बायको माहेरी गेलेली असताना. तेव्हापासून न्हाणीघराला कडी लावून ती घाईघाईने धुवायची आणि रात्री दातांसकट बायकोशेजारी झोपायचं. तिला काही माहीत नाही, अशी त्यांची ठाम समजूत.

मी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट सांगितलं.

"बोळक्या तोंडाने तिच्या शेजारी झोपू?" ते म्हणाले. "त्यापेक्षा मेलेला बरा."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मला आधी राग आला, मग भीती वाटली. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. इथे तर दातही आपले नव्हते.

शेवटी अंगणात भाजलेल्या मिरच्या सोलताना मी आईंपाशी विषय काढला.

"मला काय सांगतेस?" त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी त्याचं हसणं वेगळं ऐकू आलं होतं."

"मग सांगा ना त्यांना, की तुम्हाला माहीत आहे."

"केस गेले, दुकान गेलं. तेवढं एक राहू दे त्याच्यापाशी."

त्या संध्याकाळी त्यांनी आपली उशी उचलली. "ल्युबिसाव, तुझ्या घोरण्याने माझा डोळ्याला डोळा लागत नाही. मी बाहेर सोफ्यावर झोपणार. तू आतून कडी लाव, म्हणजे आवाज येणार नाही."

बाबा बघतच राहिले. बाळंतपणं सोडली तर ही बाई कधी वेगळी झोपली नव्हती. पण कडी लागली, आणि सकाळी खोलीतल्या पेल्यात पाणी दिसलं, म्हणजे कवळी रात्री त्यात होती.

बाबांचा खोकला हळूहळू कमी झाला. आईंच्या डोळ्यांखाली मात्र काळं चढत गेलं. सोफा आखूड, आणि त्यांना भिंतीकडे तोंड करून झोपायची सवयच नव्हती. बाबाही जेवताना सोफ्याकडे बघत राहत. थंडी सरताना डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, स्वच्छ निघाली. मी आनंदाने सांगत आले, तर आई "बरं झालं" म्हणाल्या आणि सोफ्यावरचं पांघरूण नीट घडी घालत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी कॉफी घेत होतो. दार उघडलं आणि बाबा आले. गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले, हनुवटी नाकाला भिडायला आलेली. मी मान खाली घातली. ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले.

"आत होपायला ये," ते म्हणाले.

आई त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "काय म्हणालास? नीट ऐकू नाही आलं."

बाबा कानापर्यंत लाल झाले, पण पुन्हा म्हणाले, आधीपेक्षा मोठ्याने.

आईंचे कान माझ्याहून तिखट आहेत. त्यांना पहिल्यांदाच सगळं ऐकू आलं होतं. फक्त ते आणखी एकदा ऐकायचं होतं.