राजकुमारनं गायलेली लेंगी

यवतमाळच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये राजकुमार चव्हाण टाय लावून माइकपाशी उभा राहिला, तेव्हाच संगीताच्या मनात आलं की मार्च महिन्यात यवतमाळात टाय लावणारा माणूस एक तर औषधं विकणारा असतो नाही तर खोटारडा. राजकुमार औषधं विकत नव्हता.

दोघंही फुलसावंगीकडच्या एकाच तांड्यातले. दोघांनाही सरकारी स्कॉलरशिप मिळाली आणि दोघंही पोर्तुगालच्या पोर्तो शहरात शिकून आले. ती कापडाचं, तो मॅनेजमेंटचं. सत्कार मात्र त्याचा एकट्याचा होता, कारण संस्थेच्या अध्यक्षांशी त्याच्या काकाचं उठणं-बसणं. संगीता यायलाच तयार नव्हती. पण तिचा बाप, पूनमसिंग, सकाळपासून फेटा बांधून बसला होता. "आपल्या तांड्याचं पोरगं हाये, छोरी. जा लागते."

"मित्रांनो," राजकुमार म्हणाला, "पोर्तोमधली ती जून महिन्यातली रात्र! संत योहानाचा उत्सव! सारं शहर पहाटेपर्यंत रस्त्यावर. त्या रात्री मी त्या लोकांमध्ये विरघळून गेलो."

विरघळला म्हणे! संगीताच्या डोळ्यांसमोर ती रात्र उभी राहिली. गल्लोगल्ली शेगड्या, शेगड्यांवर मासे, आणि त्या धुरात प्लॅस्टिकचे हातोडे घेऊन फिरणारी माणसं. दिसेल त्याच्या डोक्यात हातोडा हाणायचा, तो चूं करून वाजला की दोघांनी हसायचं. बँकेतले साहेब, प्रोफेसर, पोटं सुटलेले बाप्ये, सगळे त्यातच. तांड्यातल्या माणसांनी होळीला चिखल खेळला तर ती अडाणी, आणि यांनी खेळण्यातले हातोडे हाणले तर तो उत्सव, असं तिला तेव्हा वाटलं होतं. पण त्या लोकांचं एक वेळ ठीक होतं, त्यांचा सण होता. राजकुमारचं काय? एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात फोन. हातोडा फक्त सोनेरी केसांच्या पोरींच्या डोक्यावर, तोही व्हिडिओ चालू असताना. एका म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यात हाणला, तर हा फोनचा आरसा करून भांग नीट करत बसला.

पुढं एका चढाच्या गल्लीत शेकोटी पेटली होती. मोहल्ल्यातल्या बाया तिथं आपली गाणी म्हणत होत्या. त्यातल्या एका म्हातारीनं संगीताच्या हातात पावावर ठेवलेला मासा दिला आणि खुणेनं म्हणाली, आता तुझं. संगीतानं आढेवेढे घेतले नाहीत. तांड्यात होळीभोवती नाचत गातात ती लेंगी तिनं पावलं टाकत, टाळ्यांच्या ठेक्यावर उचलली. दुसऱ्या फेरीला बायांनी ठेका पकडला.

राजकुमार दोन पावलं मागं सरकला. त्याच्या दिल्लीच्या दोस्तानं विचारलं, "तुम्हारे उधर का है क्या?"

"नहीं यार," राजकुमार म्हणाला, "ये जंगल के लोगों का है. हम तो सिटीवाले हैं."

संगीताला ते गाता गाता ऐकू आलं. गाणं तिनं थांबवलं नाही. त्यानंतर वर्षभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

"...आणि मित्रांनो," इकडं राजकुमारचा आवाज चढला, "त्या शेकोटीपाशी मी आपल्या मातीतली लेंगी गायलो! अख्खी गल्ली डोलायला लागली!"

हॉल टाळ्यांनी भरला. सगळ्यात जोरात टाळ्या पूनमसिंगच्या. त्याला राहवलं नाही, तो उठूनच उभा राहिला. "राज्या, लेका, एक डाव इथंबी होऊन जाऊ दे! कोनती गायली होती रे तू?"

राजकुमारचं हसू तसंच राहिलं, पण आतून रिकामं झालं. "काका, घसा बसलाय माझा." मागची पोरं ओरडली, "गाणं! गाणं!" तेव्हा कुठं त्याची नजर तिसऱ्या रांगेत गेली. "आपल्या संगीताताई इथंच आहेत," तो घाईनं म्हणाला, "मला वाटतं, त्यांनीच..."

संगीता उठली. "नाही, सर," ती म्हणाली. तांड्यात ती त्याला राज्या म्हणायची. "तिथं तुम्ही गायले, इथंही तुम्हीच गा."

मग तो गायला. चाल अर्धी डीजेची, अर्धी कुठल्याशा जाहिरातीची; तांड्यात बोलतात त्या गोरबोलीचे दोन शब्द, तेही मागचापुढचा मेळ नसलेले; आणि शेवटी हात वर करून "होली है!" तांड्यात असं गायला कोणी तोंड उघडलं असतं तर बायांनी त्याला शेकोटीभोवतीच पळवला असता. इथं पोरांनी शिट्ट्या घातल्या. प्राचार्य रुमालानं डोळे टिपत म्हणाले, "याला म्हणतात मातीची ओढ!" शाल आली, नारळ आला, फोटो निघाले. संगीतानं हॉलभर नजर फिरवली. इतका वेळ तिला एकट्या राजकुमारची कीव येत होती.

पूनमसिंगनं मात्र हात मांडीवरून उचलले नाहीत. एसटी स्टँडवर त्यानं दोन चहा घेतले.

"ते लेंगी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मंग तिथं गायलं कोन?"

"मी."

"उठली होती ना तू? सांगितलं काहून नाही?"

"कोनाले सांगू, बा? जे त्याच्यावर टाळ्या पिटून राह्यले होते, त्यायले?"

पूनमसिंगनं चहाचा घोट घेतला. हॉलच्या दिशेनं बघून थुंकल्यासारखं केलं, पण थुंकला नाही. मग वळून म्हणाला, "तिथल्या बायायले कशी वाटली?"

"ज्या म्हातारीनं पावावर मासा देला, तिनंच मले जवळ घेतलं. खुणेनं म्हणे, गळा झकास हाये, पन नाचता येत नाही तुले." संगीताचं तोंड वाकडं झालं. "तिले काय समजते लेंगीतलं!"

पूनमसिंग असा हसला की चहा धोतरावर सांडला. "बराबर बोलली बुढी! तुले कधी आलं नाचता? तुही याडी, माय तुही, हेच म्हनते."

"बा!"

"काय बा? खरं हाये ते." उमरखेडची बस लागली होती. धोतर झटकत तो उठला. "चाल, खिडकी धर. आन् पहिल्यापासून सांग आता, त्या मास्यापासून."