जानूच्या खुंटाची चतुःसीमा

जानू जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते, तोच त्याच्या डोलीचे दोन तुकडे झाले.

डोल म्हणजे समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधून सोडायचं भलंमोठं पिशवीसारखं जाळं. पुढं रुंद तोंड, मागं निमुळता खोला. मासळी तोंडातून शिरते आणि खोल्यात साठते. दोन्ही एकत्र असतील तर डोल, नाहीतर नुसतं सूत. घिवली गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जानूच्या दोन मुलग्यांना. निदान ते तसं वागले तरी.

थोरला रामा बापाबरोबर समुद्रावर जायचा. धाकटा दादू तीन वर्षांपासून तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर काँक्रीटच्या मशीनशी उभा असायचा. रामा म्हणाला, जो समुद्रावर जातो त्याचीच होडी, त्याचीच डोल. दादू म्हणाला, बाप दोघांचा, तर सगळं निम्मं. दहाव्याला जमलेल्या भाऊबंदांनी कंटाळून "निम्मं-निम्मं करा नि मोकळे व्हा" म्हटलं आणि जेवायला बसले. त्यांना काय, बोलायला पैसे पडत नव्हते. दुसऱ्या दिवशी रामा बाजारात गेलेला पाहून दादूने शिवण उसवली, खोला डोक्यावर घेतला आणि सासऱ्याच्या घरी नेऊन टाकला. एकाकडे तोंड राहिलं, दुसऱ्याकडे पोट गेलं.

येसूबाईने, म्हणजे जानूच्या विधवेने, डोक्याला हात लावला. "अरे मेल्यांनो, तोंडाबिगर कोनाचं पोट भरलंय का कवा?"

ऐकतो कोण! जिवंतपणी बापाचा एक शब्द न ऐकणारे दोघे आता उठता-बसता बापाचे गोडवे गात होते. "बाबा आसता तर मनाच दिली आसती होडी." "बाबाचा जीव माझ्यावर व्हता." मेल्या म्हशीला मणभर दूध! खरं तर जानू दोघांनाही सारख्याच शिव्या द्यायचा, आणि हे येसूबाईइतकं दुसऱ्या कोणाला माहीत होतं?

महिन्याभरात दादूने पालघरच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. बेलिफ कागद घेऊन आला तेव्हा येसूबाई अंगणात बोंबील उलटवत होती. कागदावर रामाचं नाव होतंच, त्याच्याखाली तिचं होतं, आणि त्याच्याही खाली तिच्या मुलीचं, नलूचं. नलू गावातच दिलेली, चार घरं सोडून.

"मी काय केलंय?" येसूबाईने बेलिफाला विचारलं.

"काही केलं नाही, बाई. तुम्ही वारस आहात, म्हणून नाव."

वकिलाने पुढं फोड करून सांगितली. छप्पन साली नवा कायदा झालाय. बायको, दोन मुलगे, मुलगी, चौघांचा सारखा हिस्सा. हे ऐकून दोघे भाऊ एकाच दिवशी, वेगवेगळ्या वेळी, आईकडे अंगठा मागायला आले. सकाळी रामा आला, "आये, तुझा नि नलूचा हिस्सा माझ्या नावावर सोड." संध्याकाळी दादू आला आणि अक्षरन् अक्षर तेच बोलला. येसूबाईने दोघांनाही झाडू दाखवला.

कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला तो "जैसे थे" असा. निकाल लागेपर्यंत होडी हलवायची नाही, डोल विकायची नाही. वकील म्हणाला, हुकूम चांगला आहे. येसूबाईला काही तो चांगला वाटेना. होडीला कोर्टाचं काय कळतंय? ती वाळूवर उन्हात तडकत होती. रोज सकाळी येसूबाई घागरभर खारं पाणी तिच्या फळ्यांवर ओतून यायची आणि येता-जाता दोन्ही मुलांच्या नावाने खडे फोडायची.

पण तिला खरी धास्ती होती ती होडीची नव्हे. ती खुंटाच्या जागेची होती.

भर समुद्रात जानूची जागा होती. जानूच्या आजाने धरलेली, त्याच्या बापाने राखलेली. पाण्याची ओढ तिथं अशी बसायची की डोल कधी रिकामी यायची नाही. या जागेचा सातबारा नव्हता, फेरफार नव्हता, तलाठ्याच्या दप्तरात तिचं नावनिशाण नव्हतं. तो कारभार जमातीच्या तोंडी चाले. आणि जमातीचा नियम पक्का होता. नारळी पुनवेनंतर हंगाम सुरू झाला की लागोपाठ दोन उधाणं जागा रिकामी गेली, तर ती जमातीकडे. मग पाटील ती ज्याला देईल त्याची.

नारळ समुद्रात पडले. पहिलं उधाण आलं आणि गेलं. रामाकडे खोला नाही, होडीला हुकूम आडवा. जानूची जागा रिकामी.

येसूबाई रामाकडे गेली. "दुसऱ्याची होडी माग, डोल माग, पन जागेवर जा."

"वकील म्हनतो, गेलो तर दादू म्हनंल, बग, हा एकटाच भोगतोय."

ती दादूकडे गेली. "खोला परत दे. एक उधान तरी भावाला जाऊ दे."

"वकील म्हनतो, दिला तर माझा ताबा गेला."

"वकिलाच्या आयशीने जल्म दिला का रे तुमाला, का मी दिला?" येसूबाई ओरडली. दादूने जमिनीकडे बघितलं आणि कामाची वेळ झाली म्हणून सायकलवर टांग मारली. दोघांच्या मधे धावून धावून तिच्या नाकी नऊ आले होते. बरं, भांडण एवढं मोठं, तर निदान एकाने तरी जागेचं नाव काढावं! दोघांच्याही अर्जात होडी होती, डोल होती, घर होतं, अंगणातल्या बोंबील वाळवायच्या वळंड्यासुद्धा मोजलेल्या होत्या. जागा नव्हती. कागदावर नाही ते वकिलाला दिसत नव्हतं, आणि वकिलाला दिसत नाही ते आता मुलांनाही दिसेनासं झालं होतं.

दुसऱ्या उधाणाचा दिवस आला तो नेमका कोर्टाच्या तारखेचा. दोघे भाऊ पांढरे सदरे घालून सकाळच्या एस.टी.ने बोईसरला आणि तिथून गाडीने पालघरला गेले. एक पुढच्या दाराने चढला, दुसरा मागच्या. येसूबाई गेली नाही. ती पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसली.

"येसूवयनी, मना काय बोलू नको," पाटील आधीच हात जोडून म्हणाला. "आजची भरती रिकामी गेली की जागा जमातीची. जानू माझा दोस्त व्हता, पन नियम नियम हाय."

"जागा रिकामी जायाची नाय," येसूबाई म्हणाली. "नलूचा नवरा जातोय."

पाटलाने जोडलेले हात खाली घेतले. नलूचा नवरा काशिनाथ गरीब माणूस, होडी लहान, खुंटाची जागा किनाऱ्यालगतची, नावापुरती. "जावयाला? दोन मुलगे आसताना?"

"मुलगे कोर्टात हायत. जानूचं रगत नलूतबी हाय. सरकार मानतं, तर जमातीला काय झालं?"

बोलताना तिचा आवाज ताठ होता, पण आतून ती रडकुंडीला आली होती. नवऱ्याची जागा आपल्याच हाताने दुसऱ्या घरात द्यायची! पण परक्याला जाण्यापरीस लेकीला गेलेली बरी. पाटलाने दोन म्हाताऱ्यांना बोलावलं, त्यांनी माना डोलावल्या, आणि दुपारच्या भरतीला काशिनाथची डोल जानूच्या खुंटांना लागली.

संध्याकाळी दोघे भाऊ पुढची तारीख घेऊन परतले. नाक्यावरच त्यांना बातमी कळली. दोघे आईच्या अंगणात धावत आले, आणि जानू गेल्यापासून पहिल्यांदा एकाच दारातून आत शिरले.

"बाबाची जागा दिलीस?" रामा ओरडला.

"आमाला न विचारता?" दादू ओरडला.

"विचारायला व्हते का कोन घरात?"

त्या रात्री घिवलीत कोणाला झोप लागली नाही, इतका आरडाओरडा झाला. शब्दाने शब्द वाढला, आणि आठवड्यात दोघा भावांनी मिळून आईवर आणि बहिणीवर नवा दावा ठोकला. दोघांचा मिळून एकच वकील, खर्च वाचावा म्हणून. येसूबाईने कागद हातात घेतला आणि हात टेकले. पहिल्या दाव्यात ती दोन नंबरची प्रतिवादी होती, या दाव्यात एक नंबरची झाली. चला, बढती तरी मिळाली!

नव्या वकिलाने दोघांना विचारलं, जागा तुमची हे दाखवणार कशावरून? तिथं लावायची डोल कुठाय? एक म्हणाला, तोंड माझ्याकडे. दुसरा म्हणाला, खोला माझ्याकडे. वकिलाने कपाळावर हात मारून घेतला. कोर्टाचा कमिशनर पाहणीला येईल तेव्हा डोल अखंड दिसली पाहिजे, नाहीतर दावा विसरा, असं त्याने बजावलं.

मग काय! दादूने सासऱ्याकडून खोला आणला. जाळं पसरायला एवढं अंगण येसूबाईचंच होतं. तीन दिवस दोघे तिच्या अंगणात मांडी घालून डोल सांधत बसले. एक दोरा ओढायचा, दुसरा गाठ मारायचा. आईशी अबोला होता, त्यामुळे पाणी हवं असलं की रामा दादूला सांगायचा आणि दादू भिंतीला सांगायचा. येसूबाई तांब्या भिंतीशी नेऊन ठेवायची. कमिशनर आला, त्याने अखंड डोल पाहिली, लिहून घेतलं, चहा घेऊन गेला.

पुढच्या तारखेला येसूबाई नलूला घेऊन पालघरला गेली. कोर्टात न्यायाधीशांनी दाव्याचा कागद वाचला आणि चष्मा काढला.

"मिळकतीची चतुःसीमा लिहिली आहे, पूर्वेस पाणी, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस पाणी, उत्तरेस विठू तांडेल यांचा खुंट. हे काय आहे? ही जागा ओळखायची कशी?"

वकील रामाकडे बघायला लागला. रामा उभा राहिला. "साहेब, देवळाचं शिखर ताडाच्या जोडीमंदी आलं, की तिथं..."

"ताड आता नायत," दादू मधेच उठला. "तोडले. आता शिखर नि तारापूरची चिमनी एका रेघंत धरायची."

"आन् दोरीला शिसं बांधून सोडायचं—"

"वर आलं की त्याला काळा चिखल लागलेला पायजे."

"रेती लागली तर चुकलास," रामा म्हणाला.

"चुकलास की बाबा कानफटात द्यायचा," दादू म्हणाला, आणि दोघेही भर कोर्टात हसले.

येसूबाई मागच्या बाकावर बसून ऐकत होती. दादू समुद्र विसरला, सिमेंटमधे गाडला गेला, असंच ती धरून चालली होती. त्याला शिशाला लागायचा चिखलसुद्धा आठवत होता! तिला भरून आलं, आणि त्याच वेळी संतापही आला. हे सगळं ठाऊक असताना या गाढवांनी खोला उसवला?

न्यायाधीश समजूतदार होते. ते म्हणाले, समुद्रातल्या जागेचा निवाडा करणं अवघड आहे, घरच्या घरी मिटवा. यंदा जागा जावयाकडे राहू द्या, पुढच्या हंगामात दोघे भाऊ मिळून घ्या, आणि जुना दावाही त्यातच संपवा. वकील खूश झाला. भावांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. तडजोड येसूबाईच्या मनातलीच होती, आणि नलूने आईला कोपराने ढोसलंसुद्धा.

"काय बाई, मान्य आहे ना?"

येसूबाई पदर सावरत उभी राहिली. "नाय साहेब."

"का? काय चूक आहे यात?"

"चूक काय नाय. जागा मी द्यायची तवा देईन, कागदाबिगर. पन दावा आज संपला तर उद्या हे घरी जाऊन होडीवरनं टाळकी फोडतील, नि डोल पुन्ना उसवतील. माझ्याशी भांडतायत तवर एका अंगणात बसतात." तिने दोघांकडे रागाने पाहिलं. "तारीख द्या, साहेब. जरा लांबचीच द्या."