महाराजांच्या पडद्यावरचा कटला

वाघदऱ्याच्या धरणावर सकाळी नऊलाच दीडदोनशे माणूस जमलं होतं. पालीकडून रिक्षा भरून लोक येत होते. काठाला बांधलेल्या होडीत झेंडूच्या माळा घातलेलं एक छोटं यंत्र होतं. त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर निळ्या पाण्यातून मासे सरकत होते, आणि ते पाहायला रांग लागली होती. बायका यंत्राला हळदकुंकू वाहत होत्या. शेजारी भगव्या लुंगीत सागरनाथ महाराज बसले होते.

"याला मशीन म्हणू नका, माउली! ही जलमातेची दृष्टी हाय. चौलच्या समुद्रात एकवीस दिवस अनुष्ठान केलं तवा उघडली. न्हावा शेव्याची जहाजं माझा कौल घेतल्याबगार बंदरात शिरत न्हाईत!"

"जय जलमाता!" गर्दी ओरडली.

प्रज्ञा रांगेत उभी राहून दात आवळत होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि मच्छीमार सोसायटीची बिनपगारी चिटणीस होती. मासे शोधायचं यंत्र घ्यायचं सोसायटीनं ठरवलं, तेव्हा तीन आठवडे तिनं दुकानदारांना फोन करून भंडावून सोडलं होतं. कुठलं यंत्र किती खोल पाहतं, उथळ पाण्यात आवाजाचा झोत रुंद का लागतो आणि खोल पाण्यात अरुंद का, सगळं वहीत उतरवलं होतं. बैठकीत तिला पाच मिनिटं मिळाली. महाराजांच्या आरतीला दोन तास.

"बाई, तुमचं समदं कागदावरचं," अध्यक्ष मोरू म्हणाला होता. "महाराज डोळ्यांनी दावत्यात."

मोरूचं तिला फार लागलं नव्हतं. लागलं ते वडिलांचं. रामजीअण्णांनी उभ्या आयुष्यात कुणा बुवापुढे मान वाकवली नव्हती. दीक्षाभूमीला जाऊन आलेला माणूस. त्यांनीही महाराजांचं यंत्र घ्यायच्या बाजूनं हात वर केला होता.

"अण्णा, तुम्हीसुद्धा?"

"अगं, मी काय देव मांडलाय व्हय? मशीन हाय ती. इज्ञान हाय."

बुवाबाजी अंगारा घेऊन आली असती तर अण्णांनी तिला दारातूनच हाकललं असतं. ती बटणं आणि पडदा घेऊन आली, म्हणून तिला बसायला पाट मिळाला.

आणि गेल्या आठवड्यात महाराजांनी दाखवलेल्या जागी अण्णांचं जाळं तळातल्या बुडालेल्या सागाच्या खोडांत अडकलं. ते सोडवायला त्यांनी बुडी मारली आणि पाय जाळ्यात गुरफटला. मोरूनं केस धरून वर काढलं म्हणून वाचले. त्यावर महाराज म्हणाले, "श्रद्धा कमी पडली." अण्णांनी तेही ऐकून घेतलं!

रांगेत उभ्याउभ्या प्रज्ञाचं लक्ष पडद्यावर खिळलं. एक जाडा मासा, कटल्यासारखा, मागून दोन बारके, मग तळाचा उंचवटा. थोड्या वेळानं पुन्हा तोच जाडा मासा, तेच दोन बारके, तोच उंचवटा. तिनं घड्याळ लावलं. दर तीन मिनिटांनी तीच वरात. आणि होडी तर काठाला बांधलेली! जागेवरून न हलणाऱ्या होडीखालचा तळ वरखाली कसा होतो?

तिची पाळी आली. तिनं नमस्कार केला नाही. ती होडीजवळ उभ्या असलेल्या अण्णांकडे वळली.

"पडद्यावर पाणी किती खोल दिसतंय?"

"एकशे चाळीस फूट."

"तुमची दोरी टाकून बघा."

अण्णांची दगड बांधलेली दोरी होडीतच होती, दर फुटाला एक गाठ. ते घुटमळले. मग दोरी सोडली. दगड लगेच टेकला.

"नऊ," ते पुटपुटले.

महाराज हसले. "दृष्टी पाताळापर्यंत बघते, माउली! दगडाला काय कळतं?"

"मग बादलीत किती बघते तेही पाहू," प्रज्ञा म्हणाली. वायरीच्या टोकाचा काळा गोळा तिनं पाण्यातून ओढून काढला आणि होडीतल्या बादलीत टाकला. पडद्यावर एकशे चाळीस फूट. जाडा कटला दिमाखात निघून गेला.

आधी एक बाई हसली, मग सगळा काठ.

"हात लावू नका! भस्म व्हाल!" महाराज ओरडले.

प्रज्ञानं बटण दाबून यंत्रातल्या पर्यायांची यादी उघडली. "हे बघा, इथं 'डेमो' लिहिलंय. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला यंत्रातच एक चित्रफीत भरलेली असते. पाणी नसलं तरी ती चालते." तिनं ते बंद केलं आणि गोळा पुन्हा धरणात सोडला. पडद्यावर नऊ फूट उमटले. खाली सपाट चिखल. मासा एकही नाही.

"खरं यंत्र ह्या गोळ्यातून खाली आवाज सोडतं. तो तळावर किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवर आपटून परत येतो. यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. यात देव कुठं आला?"

"पण महाराजांनी जागा दावली त्या पयल्या दिशी चौदा किलोचा कटला गावला की!" गर्दीतून पुढं येत मोरू रडकुंडीला आला.

"त्या दिवशी जाळी किती टाकली?"

"आठ."

"एकात मासा. रिकामी सात कुणी मोजली?"

महाराज चपला हातात घेऊन चिखलातून रिक्षाकडे निघाले होते. तरी मागून कुणीतरी बोललंच, "बाईनी बटण दाबून मशीन बिघडवली." प्रज्ञाच्या डोळ्यांत पाणी आलं. बादलीतला कटला पाहूनही माणसं असं म्हणत असतील, तर वर्गात फळा झिजवून उपयोग काय?

अण्णा दोरी गुंडाळत होते. ते त्या माणसाकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"चाळीस वरसं ह्या हातानं पाणी मोजलं मी. पडद्यावर आकडा दिसला आन् हाताला इचारायचं इसरलो. पाय गुतला तवाबी इचारलं न्हाय. चूक माजी." त्यांनी दोरीची गुंडाळी खाली ठेवली. "प्रज्ञा, तुजी वही आन. हितंच वाच. समद्यांनी ऐकायचं, आन् न्हाय कळलं तर इचारायचं."

निम्मे लोक निघून गेले. उरलेल्यांसमोर तिनं वही उघडली.

वाचकहो, भगवी लुंगी ओळखणं सोपं आहे. चकाकणाऱ्या पडद्यामागे लपलेला बुवा ओळखायला मात्र एकच प्रश्न पुरतो, आणि तो विचारताना कुणाचीही भीड बाळगू नका: हे तुम्ही तपासलंत कसं?