विलासची दुपारची झोप

चैत्रात गिरिजाचं कार्ड आलं. प्रतिमावहिनींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहोत, दसरा झाला की उसाच्या कामावर परत जाईन, सासूबाई म्हणतात बाळ बांधावर राहील. गंगूबाई लेकीच्या बाळंतपणाची साखर खाऊन हसली, आणि त्याच दुपारी म्हणाली, "वैनी, मला लिवायला शिकवा."

"आता? आणि मी लिहिते की तुमची पत्रं. माझं अक्षर आवडत नाही वाटतं?"

"तुमचं अक्षर मोत्यावानी हाय. पर मला सोताच्या हातानं लिवायचंय. दसऱ्याच्या आत."

वहिनींना मौज वाटली. त्यांचे यजमान विमा कंपनीत. साताऱ्याहून जयपूरला बदली झाली तेव्हा वहिनींना सातवा महिना होता, म्हणून घरकामाला असलेली गंगूबाई सोबत आली. बनीपार्कातल्या घरात मराठी बोलायला त्या दोघीच. साहेब दिवसभर कचेरीत, आणि विलास जेमतेम पाच महिन्यांचा.

पाच महिन्यांचं बाळ झोपतं ते भरपूर. सकाळी अंघोळ झाली की एकदा, दुपारी एकदा, दिवस कलायच्या आधी आणखी एकदा. दुपारची झोप सगळ्यांत लांब. तेवढ्यात पाटी निघायची. वहिनी पाच अक्षरं गिरवून द्यायच्या आणि आडव्या व्हायच्या. मग गंगूबाई जमिनीवर बसून मांडीवर पाटी घ्यायची. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. एकीकडे अंगठा हलायचा, एकीकडे पेन्सिल कुरकुरायची.

काय लिहायचं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. गिरिजा तान्ही असताना गंगूबाई उसाच्या कामावर जायची. पोरीला बांधावर बाभळीखाली ठेवायची आणि ठेवण्याआधी बाजरीच्या दाण्याएवढी अफूची गोळी दुधात उगाळून पाजायची. सगळ्याच जणी पाजायच्या. पोर दिवेलागणीपर्यंत हूं की चूं करायची नाही. गिरिजा अडीच वर्षांची झाल्यावर चालली, चार वर्षांची झाल्यावर बोलली. पुढं चौथी शिकली ते देवाच्या दयेनं. आता गिरिजाची लेक बांधावर जाणार होती, आणि तिला गोळी देऊ नको एवढंच कळवायचं होतं. पण वहिनींना हे सांगून लिहून कसं घ्यायचं? पोटच्या पोरीला अफू देणाऱ्या बाईच्या हाती कोण आपलं मूल सोडील?

उन्हाळा सरेपर्यंत बाराखडी झाली आणि विलासची संध्याकाळची झोप गेली. पावसाळ्यात काना-मात्रे पक्के झाले, तर सकाळची झोप गेली. आता तो रांगत होता, खुर्चीला धरून उभा राहत होता, भिंतीवरच्या पालीला हाका मारत होता. झोपायला त्याला सवड कुठली! राहिली ती दुपार. तीही तीन तासांची दोन झाली, मग दीड. जोडाक्षरं अजून हाताशी येत नव्हती आणि नवरात्र जवळ आलं.

विलासनं डोळे किलकिले केले की गंगूबाई दोरी ओढायची. पहिल्यांदा अशीच, अक्षर पुरं होईपर्यंत म्हणून. मग ओळ पुरी होईपर्यंत. पोरगं चुळबुळायचं, कुरकुरायचं, झोळीच्या हेलकाव्यानं पुन्हा डुलकी घ्यायचं. चार वाजता वहिनी उठून विचारायच्या, "अजून झोपलाय?"

"मधी उठला हुता. खेळला, परत पडला." हे बोलताना ती पाटी पुसत असायची.

मग विलास रात्री बारा-बारापर्यंत टक्क जागा राहू लागला. वहिनींच्या डोळ्यांखाली काळं आलं. त्या त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

"डॉक्टर म्हणाले, मूल वाढतं तशी झोप कमी होते, काळजी नको," त्यांनी आल्यावर सांगितलं. "पण अकरा महिन्यांच्या मुलाला दिवसा दोन-अडीच तास पुष्कळ झाले म्हणे. दिवसा जास्त झोपला तर रात्री जागणारच. मी म्हटलं, दिवसा तर मधे उठून खेळतो. हो ना, मावशी?"

"व्हय," गंगूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला भांडी घासायला धापू आली. दारात उभी राहून ती झोळीकडं बघत राहिली आणि फसकन हसली. "ओ बाई, टाबर तो जाग्यो पड्यो है! क्यूं हिलाओ हो?"

"जागं हाय, पर झोपंल आता."

"इत्तो ही सुलाणो है तो राई जितरी अमल चटा दो नी. सांझ तांई कोनी हाले." संध्याकाळपर्यंत हलायचं नाही म्हणून थट्टेतच बोलली ती, आणि भांडी उचलून नळावर गेली.

अमल म्हणजे अफू, हे गंगूबाईला जयपुरात येऊन दोन महिन्यांतच कळलं होतं. तिचा अंगठा थांबला. तिनं उठून झोळीत पाहिलं. विलास जागा होता. रडत नव्हता, हाक मारत नव्हता. कुणी येणार नाही हे ठरवून टाकल्यासारखा वर आढ्याकडं बघत पडला होता. बाभळीखाली गिरिजा अशीच पडलेली असायची.

तिनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि वहिनींना हलवलं. "वैनी, उठा. हे पोरगं मधी उठून खेळत न्हाई. मीच उठू देत न्हाई."

मग तिनं सगळं सांगितलं. दोरी, पाटी, खोटं बोलणं, बांध आणि गोळी. काही वगळलं नाही. पदर तोंडाशी नेला नाही, की माफी मागितली नाही. माफी मागितली तर वहिनींना द्यावी लागेल, असं तिला वाटलं.

प्रतिमावहिनी उठून बसल्या. मग त्यांनी हात पुढं केले आणि विलासला गंगूबाईच्या हातातून काढून घेतलं. गंगूबाईचे हात तसेच रिकामे राहिले. आता हातात परतीचं गाडीभाडं देतील, तिच्या मनात आलं. देऊ देत.

वहिनी पोराला कडेवर घेऊन दारापर्यंत गेल्या आणि मागं वळल्या. त्यांचा आवाज अजून कडकच होता. "असं मला पुन्हा कधी फसवायचं नाही, मावशी."

"न्हाई."

"कपाटात आंतर्देशीय पत्रं आहेत. टाक टेबलावर आहे. मी याला घेऊन अंगणात फिरते. तुमचं होईपर्यंत आत येत नाही. हा झोपायची वाट बघत बसू नका."

"जोडाक्षरं येत न्हाईत वैनी."

"मग जोडाक्षरं नसलेलं लिहा!"

गंगूबाईनं टाक शाईत बुडवला. मोठमोठी, एकमेकांना टेकून उभी राहिलेली अक्षरं कागदावर उतरली.

गिरिजा, बाळाला गोळी देऊ नको. सासू देईल, तिलाही देऊ देऊ नको. रडली तर रडू दे. जागी राहिली तर राहू दे. तुला मी देत होते.

एवढंच लिहायचं होतं. ते झालं, आणि तीन हिस्से कागद कोराच उरला. बाहेर विलास कशाला तरी खदखदून हसत होता, वहिनी त्याला दटावत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. गंगूबाई ऐकत बसली. मग तिनं पुन्हा टाक उचलला.

तू लहान असताना कशी हसत होतीस ते मला माहीत नाही. तुझी लेक कशी हसते ते मला लिहून पाठव.