चौथा कागद

अर्जातल्या ‘कुठला विषय घेणार’ या एका रकान्याने नबीला मेटाकुटीला आली होती. शंभरातल्या चार-पाच जणांनाच आत घेणारी ती परदेशातली कॉलेजं, आणि प्रवेशासाठी लावलेल्या सल्लागार बाई दर आठवड्याला विषय बदलायला लावायच्या. अर्थशास्त्राला गर्दी फार, पर्यावरण लिही. आता पर्यावरणही सगळेच लिहितात, सार्वजनिक आरोग्य बघ. विषय बदलला की तो का निवडला याचा निबंध नव्याने लिहायचा, आणि बाईंना प्रत्येक निबंधात भिवंडीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, हवेच असायचे.

शुक्रवार होता, भिंतीपलीकडचे लूम बंद होते. गुलाम हुसेन जेवून उठले आणि लेकीचे तिन्ही निबंध चष्मा लावून वाचत बसले. पहिल्यात त्यांचे बंद पडलेले बारा लूम होते, दुसऱ्यात गटारात जाणारं डाईंगचं लाल पाणी, तिसऱ्यात त्यांचा बहिरा होत चाललेला डावा कान.

“तिन्ही कागदांत मीच आहे,” ते म्हणाले. “तू कुठे आहेस?”

नबीलाला वाद घालायचंही त्राण नव्हतं. तिने वहीतला चौथा कागद काढून दिला. वर ‘गणित’ लिहिलं होतं आणि खाली एकच ओळ होती: गणित सोडवताना मला लूमचा आवाज ऐकू येत नाही.

“याच्यापुढे काही सुचतच नाही, अब्बा.”

गुलाम हुसेननी ती ओळ दोनदा वाचली. मग कागद जपून तिच्यापुढे ठेवला.

“पाठव,” ते म्हणाले. “लूम आहेत यात. बाईंना चालेल.”