मे, कॅन आणि माहेर

हिंमतराव मास्तर जळगाव जामोदच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत आणि घरी आल्यावर बायकोला शिकवत. शाळेत पगार मिळे, घरी समाधान.

बायको रुख्मिणी, मेहकरकडच्या डोणगावची, सातवी पास. लग्नानंतर पहिली दिवाळी येण्याआधीच मास्तरांनी घरात नियम लावला, की काही हवं असेल तर इंग्रजीत मागायचं, आणि क्रियापदाच्या आधी माणसाची पायरी बघून साहाय्यक लावायचं. बरोबरीच्याला कॅन, वडीलधाऱ्याला मे, साहेबाला वुड, अर्जात शुड आणि गड्याला मस्ट. मायटविषयी ते म्हणत, की ते विलायतेतल्या लोकांसाठी आहे, आपल्याला परवडत नाही. नवऱ्याने बायकोशी कोणतं वापरायचं हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ते तिच्याशी मराठीत बोलत, आणि मराठीत नुसतं 'आण' म्हटलं तरी भागतं.

महाराष्ट्र नवा होता. कारभार मराठीत होणार असं पुढारी सभेत सांगत होते, त्यामुळे इंग्रजी येणाऱ्यांचा भाव वाढला होता. संध्याकाळी इतर मास्तर चहाला येत. रुख्मिणीने दारात थांबून "मे आय सर्व टी, सर?" असं विचारायचं आणि मास्तरांनी "यू मे" म्हटल्यावर आत यायचं. चुकून कॅन निघालं की मास्तर पाहुण्यांकडे बघून म्हणत, "ही विचारते आहे, माझ्या हातात कप उचलण्याची ताकद आहे का? आहे. दिसतेच आहे." पाहुणे हसत. ड्रिल मास्तरांना यातलं काही कळत नसे. ते सर्वांत मोठ्याने हसत.

अशा घरी एका दुपारी रुख्मिणीचा भाऊ पुंजाजी तिला न्यायला आला. पायरीवर बसला, पाणी प्याला, मग म्हणाला, "जावईबापू, मायची तब्येत लय खराब हाये. डाक्टरनं हात टेकले. पोरीचं तोंड पाहाचं म्हनते. रुखमीले चार दिवस पाठवा."

"पाठवतो की," मास्तर म्हणाले. "मी काय राक्षस आहे? फक्त तिने मला रीतसर विचारावं."

रुख्मिणी दारात आली. आईचं ऐकून तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "कॅन आय गो टू माय मदर?"

"पाय धडधाकट आहेत. जाऊ शकतेस. पुढे?"

"मे आय गो?"

"हे चहाला चाललं असतं. ही रजा आहे. रजेच्या अर्जात काय लिहितात? आय शुड बी ग्रेटफुल इफ यू वुड काइंडली... म्हण."

रुख्मिणी ग्रेटफुलपर्यंत जाई आणि तिथे तिचा आवाज फुटे. शेजारच्या पुष्पाबाई, तहसिलातल्या कारकुनाची बायको, भिंतीवर कोपरं टेकून ऐकत होत्या. पुंजाजीला बहिणीचे हाल पाहवेनात.

"मी म्हनतो जी तिच्यावाल्या बदल्यात," तो उभा राहून म्हणाला, आणि हात जोडून म्हणाला, "आयशूट बी गेटफूल."

मास्तर पोट धरून हसले. पुष्पाबाईंनीही तोंडाला पदर लावला. तेवढ्यात शेवटची मोटार निघून गेली. "उद्या पाहू," मास्तर म्हणाले. "रात्रभर पाठ करू दे तिला."

सकाळी पुंजाजी मोटार-स्टँडवर चहा प्यायला गेला आणि थोड्या वेळाने तोंडाला दुपट्टा लावून, ऊर बडवत परत आला. "माय गेली वो! स्टँडावर गाववाला भेटला, त्यानं सांगतलं!"

आमच्याकडे लग्नाला बोलावणं लागतं, बारशाला लागतं, माहेरी जायला परवानगी लागते. मयतीला काहीच लागत नाही. ऐकलं की पेटती चूल विझवायची आणि निघायचं. मास्तरांनाही निघावं लागलं. सासूच्या मयतीला जावई गेला नाही तर ते नातवंडांच्या लग्नापर्यंत निघतं. त्यांनी शुड आणि वुड दोन्ही घालून रजेचा सुरेख अर्ज लिहिला. हेडमास्तरांना तो इतका आवडला की त्यांनी प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचला, दोन मिनिटं मौन पाळलं आणि अर्धी सुट्टी दिली. मुलं मास्तरांच्या सासूबाईंची, झुंबरबाईंची, फार आभारी झाली.

खामगावला मोटार बदलताना मास्तर तिकिटाच्या रांगेत होते. पुंजाजी बहिणीच्या कानाशी वाकला. "रडू नको. माय जित्ती हाये."

रुख्मिणी रडतच राहिली. एक तर मास्तरांदेखत एकदम थांबणं बरं दिसलं नसतं. दुसरं म्हणजे आता ती आनंदाने रडत होती, आणि बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

डोणगावला पोचले तेव्हा झुंबरबाई ओसरीत बाजेवर टेकून कण्या खात होत्या. हाडांवर कातडं तेवढं उरलं होतं, पण नजर शाबूत होती. लेक येऊन अंगावर पडली.

"काऊन रडून राह्यली बाप्पा? मेलं कोन?"

"तुम्ही," मास्तर म्हणाले.

झुंबरबाईंनी तांब्या पुढे सरकवला. "मंग बसा ना. पानी घ्या."

मास्तरांनी पुंजाजीला गोठ्याकडे नेलं. "माझ्या शाळेने तुमच्या आईसाठी दोन मिनिटं मौन पाळलं आहे. ते परत करता येतं का?"

"तुमीच इचारा हेडमास्तरले," पुंजाजी म्हणाला. "मे लावून."

मास्तर रात्रभर कुशी बदलत राहिले. सासू जिवंत आहे हे शाळेत सांगितलं, तर अर्ज खोटा ठरत होता, आणि इतका चांगला अर्ज खोटा ठरावा हे त्यांना सहन होईना. सकाळपर्यंत त्यांनी ठरवलं, की झुंबरबाई डोणगावात जिवंत राहोत, जळगावात त्या वारल्या आहेत. मध्ये तीन मोटारी बदलाव्या लागतात, एवढं अंतर पुष्कळ झालं. मात्र लेक दोन दिवसांत परत आली तर लोकांना संशय येईल. तेव्हा रुख्मिणीने तेरवीपर्यंत राहावं. हे त्यांनी मराठीतच सांगितलं, आणि ते गेले.

आईच्या तेरवीचे ते दिवस रुख्मिणीने आईजवळ काढले. तिची वेणी घातली, पाय चोळले, कण्या भरवल्या. आजूबाजूच्या बाया येत आणि मेलेल्या झुंबरबाईंशी तासन्‌तास बोलत.

"मले हे आंधी समजाले पाहिजे होतं," झुंबरबाई म्हणत. "तुह्या लग्नापासून दर दिवाळीले मेली असती."

"असं बोलू नको वो माय."

"काऊन? जित्तेपनी कोनं पाठवलं तुले?"

तिकडे मास्तर दाढी वाढवून शाळेत जात आणि सांत्वनं स्वीकारत. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पुष्पाबाई रोज भाकरी-पिठलं पाठवत. मास्तर ते जड अंतःकरणाने, पण पोटभर खात.

रुख्मिणी परत आली. पावसाळा संपून ज्वारी डोक्याइतकी झाली. मग एका दुपारी डोणगावचा दयाराम धापा टाकत दारात उभा राहिला. मास्तर शाळेतून नुकतेच आले होते.

"पुंजाजीनं धाडलं जी. झुंबरबाई पहाटे गेल्या. तो मायजवळ बसून हाये. म्हने, ह्यावेळी खरं हाये म्हनून सांगजो."

मास्तरांनी आधी त्याला आत घेऊन दार लावलं. "हळू बोला."

"पोरीसाठी थांबले हायेत सारे. आताची मोटार धरली तं..."

रुख्मिणी पिठाच्या हातांनी बाहेर आली होती. तिने काहीच विचारलं नाही. हात धुतले, खुंटीवरचं लुगडं पिशवीत कोंबलं आणि दाराशी आली. मास्तर दारात होते.

"कुठे?"

"मी चालली."

"कशासाठी म्हणून? तुझी आई वारली, हे गावाला माहीत आहे. माणूस एकदाच मरतो. स्टँडवर या वेळेला अर्धी शाळा असते. तिथे तुला रडताना पाहिलं तर मी काय सांगू?"

"नाही रडनार."

"सख्ख्या आईच्या मयतीला कोरड्या डोळ्यांनी जाशील? शोभेल का?" मास्तरांचा तर्क पक्का होता. आवाजही चढलेला नव्हता. "खोटं मी बोललो नाही. तुझा भाऊ बोलला. तेव्हा ते भोगायलाही त्यानेच शिकलं पाहिजे."

रुख्मिणी पिशवी घेऊन दारापुढे उभी राहिली. मास्तर बाजूला झाले नाहीत. दयाराम एकदा तिच्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होता. पुंजाजी आला असता तरी त्याला काही करता आलं नसतं. सर्वांत मोठं खोटं त्याने आधीच खर्चून टाकलं होतं, आणि आता हातात उरलेल्या खऱ्याला या घरात भाव नव्हता. लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला. दयाराम पळाला.

"आत चुलीपाशी रड हवं तर," मास्तर म्हणाले. त्यांना दया येत नसे असं नाही. "धुरात कोणाला कळणार नाही."

दिवेलागणीला रुख्मिणी पाणी काढायला मागच्या विहिरीवर गेली. पुष्पाबाई भिंतीपाशी आल्या आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"माय आठवली काय वो?"

रुख्मिणीने मान हलवली.

"आठवतेच पोरी. मले बी आठवते माही," पुष्पाबाई मायेने म्हणाल्या. "पन आता लय दिवस झाले. घरातल्या मानसानं किती दिवस तुहं रडकं तोंड पाहावं? मन घट्ट कर."

"हाव," रुख्मिणी म्हणाली.

त्याच रात्री डोणगावात लोकांनी शेवटच्या मोटारीतून दयारामला एकट्यालाच उतरताना पाहिलं, आणि झुंबरबाईंना उचललं.