आईने खाली ठेवलेला पेला

परदेशातल्या आपल्या सिटीवेस्टच्या घरून गाडीने निघाल्यापासून सुचित्राच्या आईने, लीलावतीबाईंनी, "मला काहीही चालेल" हे वाक्य अकरा वेळा म्हटलं होतं. काच खाली करू? चालेल. चहाला थांबायचं? काहीही चालेल. सुचित्राने मुद्दाम मोजलं होतं, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

डोकं पिकलं होतं तिचं. बाबा गेल्यापासून आई नागपूरला एकटी. तिला कायमचं इकडे आपल्याकडे आणायचं तर अर्जावर तिची सही हवी, आणि सोमवारी वकिलाला होय-नाही कळवायचं होतं. गुरुवारी आईचं परतीचं विमान. अडीच महिने सुचित्रा विचारत होती, "आई, तुला काय हवंय?" आणि अडीच महिने उत्तर एकच, "तुम्ही ठरवाल ते." अरे, माणसाला तोंड दिलंय कशाला? तो अर्ज स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्याखाली तसाच पडून होता.

म्हणून हा सगळा घाट. शॅनन गावाच्या पुढे एका माळावर, जॉर्डनच्या वाळवंटातून येऊन राहिलेली दोन-तीन भटकी बेदुईन कुटुंबं उन्हाळ्यात आपले तंबू ठोकत आणि एका रात्रीपुरतं पाहुण्यांना ठेवून घेत. फोनला रेंज नाही, घरकाम नाही, दोघीच असल्या की आई बोलेल, असा सुचित्राचा बेत. पोचल्या तेव्हा पाऊस भुरभुरत होता, बुटांत चिखल गेला होता आणि बकरीच्या केसांच्या काळ्या तंबूला ओल्या घोंगडीचा वास येत होता.

"झोप लागेल ना गं इथे?"

"चालेल."

बारा.

यजमान सालेम पन्नाशीचा, हसरा. त्याने त्यांच्यासमोर कॉफी भाजली, कुटली, वेलदोडा घालून उकळली आणि चोचीच्या किटलीतून दोन छोट्या पेल्यांत घोटभर ओतली. सुचित्राने पिऊन टाकली. आईने नुसता वास घेतला, पेला हळूच सतरंजीवर ठेवला आणि पदर सावरून बसली.

स्वतःसाठी ओतता ओतता सालेम थांबला. त्याने किटली खाली ठेवली.

"आमच्यात पाहुण्याने न पिता पेला खाली ठेवला, की त्याला काहीतरी मागायचं असतं," तो इंग्रजीत म्हणाला. "ते मिळेपर्यंत तो पीत नाही. मीही पीत नाही. आईंना काय हवंय?"

घ्या, आता हाही तेच विचारतोय! सुचित्राला ओरडावंसं वाटलं. "तसं काही नाही, तिला दुधाशिवाय कॉफी जात नाही, एवढंच. सॉरी." मग आईकडे वळून, "पी ना गं एक घोट. ते खोळंबलेत."

"काय म्हणून राहिले ते?"

सुचित्राने सांगितलं. आईने पेल्याकडे बोट केलं.

"मग असू दे तिथंच. मला खरंच मागायचं आहे."

"काय?"

"अडीच महिन्यांपासून तू विचारून राहिली, काय हवंय, काय हवंय. हॉटेलातल्या वेटरसारखी. 'आई, राहा' असं एकदा तरी म्हटलं का? आपल्याकडे पंगतीत 'वाढू का' विचारून कोणी थांबते का? वाढून मोकळे होतात. विचारलं तर माणूस नकोच म्हणणार ना बाप्पा."

"तुझ्यावर लादायचं नव्हतं मला! तू नुसतं हो म्हणाली असतीस तर..."

फॉर्म, वकील, तिकीट, सगळं बोलून झालं होतं. 'राहा' एवढंच म्हणायचं राहिलं होतं. इतके दिवस आईवर साठवलेला राग आता कुठे ठेवावा, हेच तिला समजेना. सालेमला तिने यातलं काहीच सांगितलं नाही. तो तसाच बसून होता.

"राहा माझ्याकडे," सुचित्रा म्हणाली. आवाज अजून चिडकाच होता.

"नको गं. तुमचं ऑफिस, तुमची धावपळ..."

अडीच महिने सुचित्रा या पहिल्या 'नको'वरच उठून जात आली होती. ती बसून राहिली.

"राहा."

"अन् नागपूरचं घर? कुंड्यांना पाणी कोण घालेल?"

"आई, मला तू हवी आहेस. राहा."

आईने पेला उचलला, डोळे मिटून एका घोटात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू जहर आहे," ती म्हणाली. "त्यांना म्हण, आता तुम्ही घ्या."